साचाखात्याची हवा

११ एप्रिल २०००, मंगळवार

आज पुन्हा पट्टे आले. हिरवे, उभे, बोटभर रुंद. नंदिनी साडीच्या काठावर मोर काढत होती. मोर अर्धा झाला आणि स्क्रीनवर वरून खालपर्यंत पट्टे उतरले. तिने कंप्यूटर बंद केला, पुन्हा चालू केला. दहा मिनिटं बरा चालला, मग पुन्हा तेच.

मी खुर्ची ओढून जवळ बसलो तर म्हणाली, "बाबा, प्लीज, हात नका लावू हां." जानेवारीत मी आतल्या पंख्यात दोन थेंब तेल सोडलं होतं, ते ही पोरगी जन्मभर विसरणार नाही. पंखा कुरकुरत होता. कुरकुरणाऱ्या वस्तूला तेल देतात. मिलच्या साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, चोवीस वर्षं जॉबर, म्हणजे मुकादम होतो, साठ माग माझ्या हाताखाली चालायचे, कुठला माग आज रुसणार हे मी आवाजावरून सांगायचो. आणि घरात एकुलतं एक मशीन आहे, त्याला मी हात लावायचा नाही.

म्हणून ही वही काढली. आठ वर्षांपूर्वी मिल बंद झाली तेव्हा खात्यातली कोरी रजिस्टरं ज्याने त्याने घरी नेली, त्यातलं हे एक. 'माग क्रमांक, दोष, कारण, उपाय' असे रकाने छापलेले आहेत. दोष लिहिला. कारण माहीत नाही.

बेटम्याच्या उदयसिंहजींचा साड्या छापायचा कारखाना आहे. राखीच्या सीझनसाठी त्यांना काठांची बारा डिझाईनं हवीत, दहा मेपर्यंत. आजवर नंदिनीने लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्याच केल्या. ही पहिली खरी ऑर्डर. आणि मशीनला नेमके आत्ताच नखरे सुचले.

१२ एप्रिल

राजवाड्यामागच्या गल्लीत कंप्यूटर दुरुस्त करणारा अर्पित आला. तिशीचा माणूस, पाठीवर बॅग, तोंड हातापेक्षा जास्त चालतं. पण काम पद्धतशीर. आधी मॉनिटर बदलून पाहिला, पट्टे तसेच. मग केबल बदलली, तरी तसेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा जॉबरचा पहिला नियम. मनात म्हटलं, माणूस बरा आहे.

शेवटी डबा उघडून त्याने आतून एक पट्टी काढली. पोस्टकार्डाएवढी, हिरवी, एका कडेला सोन्याचे बारीक दात. पडद्यावर चित्र दाखवायचं काम म्हणे ह्या कार्डाचं. त्याने दात फडक्याने पुसले आणि कार्ड खाचेत दाबून बसवलं. पट्टे गेले!

"दीदी, ढीला हो गया था, बिठा दिया. चल गया तो चल गया, नहीं तो कार्ड बदलना पड़ेगा."

मी विचारलं, "लेकिन भिया, बिगड़ा काहे से?"

"गर्मी से, काकाजी. और इस मौसम में स्टेटिक बहुत बनता है. हवा सूखी, कपड़ा रगड़ा, हाथ लगाया, चट्! कार्ड गया."

हे ऐकलं आणि मला हसूच आलं. कोरड्या हवेचा आजार! अरे, तो तर मी चोवीस वर्षं सांभाळला. एप्रिल-मेमध्ये इंदूरची हवा कोरडी झाली की ताण्याचे धागे फुलायचे, एकमेकांना चिकटायचे, तटातट तुटायचे. म्हणून साचाखात्याच्या छताला पाण्याचे फवारे असत. ते बंद पडले की आम्ही बादल्या घेऊन फरशी भिजवायचो, भिंतींना ओलं गोणपाट लावायचो. हवा ओली तर धागा साबूत. ही गोष्ट त्या अर्पितला कुठून माहीत असणार?

१३ एप्रिल

नंदिनी सकाळी सातला क्लासमध्ये शिकवायला जाते, साडेदहाला येते. बायको, मंजुळा, अंगणवाडीत कामाला. मिलचा सातचा भोंगा आता वाजत नाही, पण मला जाग त्याच वेळेला असते.

मंजुळाची इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची पिचकारीची बाटली घेतली. खोलीच्या हवेत, भिंतींवर, डब्याच्या मागेपुढे बारीक फवारा मारला. फरशी भिजवली. मशीनला हात लावलेला नाही. हवेला काही कोणी मनाई केलेली नाही.

नंदिनी आली तेव्हा फरशी वाळली होती. दिवसभरात एकही पट्टा नाही. दोन काठ पूर्ण झाले. संध्याकाळी ती गुणगुणत होती. रजिस्टरात 'उपाय'च्या रकान्यात लिहिलं: हवा.

१५ एप्रिल

काल जयंतीला सगळे महूला गेलो. गर्दी, निळे झेंडे, ओळखीचे चेहरे, जयभीम घालून घालून हात दुखले. माझे वडील तिथल्याच छावणीत हवालदार होते, त्यामुळे दर गल्लीत कोणीतरी अडवतंच.

परतीच्या बसमध्ये नंदिनी म्हणाली, "बाबा, एक बात सांगायची आहे. नाराज नका होऊ." सुरतेच्या एका साडीच्या कंपनीचं पत्र आलंय. डिझाईनची नोकरी. पंधरा मेपर्यंत उत्तर द्यायचंय, एक जूनला हजर व्हायचं.

"तुला जायचंय?" मी विचारलं.

"जायचं कशाला, इथे काम जमलं तर? पण हे मशीन असंच दगा देत राहिलं तर मी काय करू, सांगा ना. ऑर्डर घेऊन तोंड लपवत फिरू का?"

मी म्हटलं, बरोबर आहे. घरी येऊन जेवलो नाही, पोट जड आहे म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली. मिल बंद झाली तेव्हा एवढी वाटली नव्हती. तेव्हा फाटकाबाहेर आम्ही हजारो होतो. ही गेली तर घरात सकाळी सात ते दुपारपर्यंत मी आणि भिंती.

मशीन चालत राहिलं पाहिजे. बस.

१९ एप्रिल

पट्टे आले. ह्या वेळी जांभळे. मोराची मान निळी हवी ती पिवळी दिसते. नंदिनीने सगळा प्रोग्राम पुसून नव्याने टाकला. त्यात पूर्ण दिवस गेला, फरक शून्य.

हवा कमी पडते आहे. पारा चाळिसावर, आणि मी एक बाटली मारून गप्प बसलो, चूक माझीच. आजपासून दोन बाटल्या. शिवाय माळ्यावरचं जुनं गोणपाट भिजवून डब्याच्या पुढच्या जाळीपाशी उभं केलं, म्हणजे डब्यात शिरेल ती हवाच ओली. दहा वाजता सगळं आवरून ठेवतो.

मंजुळाने विचारलं, "अहो, इस्त्रीची बाटली रोज रिकामी कशी होते?" म्हटलं, तुळशीला घालतो. "आपल्याकडे तुळस कुठाय?" म्हणाली. मग मी शेजारच्यांची तुळस म्हटलं. बाई बघत राहिली.

२३ एप्रिल, रविवार

दर रविवारप्रमाणे मिलच्या फाटकावर कामगारांची हक्काच्या पैशांसाठी सभा. आठ वर्षं तीच माणसं, तीच घोषणा, फक्त केस पांढरे. लक्ष्मण भेटला. माझ्या खात्यातला विणकर, बिल्ला नंबर अकराशे सत्तेचाळीस. भेटला की नेहमीचंच: "काय जॉबरसाहेब, माझा नंबर याद आहे का?" लोक हसतात, मीही हसतो.

तो असं का विचारतो ते त्याला आणि मला माहीत आहे. आज लिहायची इच्छा नाही.

नंदिनीचे पाच काठ झाले. रोज तासभर चांगलं चालतं, मग डोळे मिटतं.

२७ एप्रिल

अर्पित पुन्हा आला. कार्ड काढून उजेडात धरलं. सोन्याचे दात काळपट दिसत होते आणि वर पांढरी भुकटी. मला वाटलं धूळ, साचाखात्यात अशी भुकटी भुवयांवर बसायची. त्याने शाळेच्या खोडरबराने दात घासले, बसवलं, चित्र लख्ख!

"दीदी, कूलर है क्या कमरे में?"

"नाही ना. पंखा आहे बस."

"दाँत काले पड़ रहे हैं. नमी जैसा लग रहा है."

मी भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडे बघत उभा राहिलो. कूलर नाहीच आमच्याकडे, खोटं कोणी बोललं नाही. आणि दात सोन्याचे. ओलीने लोखंड गंजतं, सोनं गंजलेलं कोणी ऐकलंय का? ह्या लोकांना कारण सापडलं नाही की काहीही सांगतात. मिलमध्येही इंजिनियर असेच होते, टाय लावून यायचे आणि शेवटी विचारायचे मलाच.

तरी तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. चारदा मिलच्या फाटकापर्यंत जाऊन आलो, काही काम नसताना.

३ मे

आज स्क्रीन काळा. पट्टे नाहीत, मोर नाही, काहीच नाही. आतला पंखा फिरतोय, दिवा लागतोय, चित्र नाही. सात काठ झालेत, पाच बाकी, सात दिवस हातात.

नंदिनी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. दोन्ही हात पुढे धरून बघत बसली आणि म्हणाली, "मीच काहीतरी चुकीचं करतेय, बाबा. रोज कपडे बदलून बसते, हात धुवून बसते, पायाखाली लाकडी पाट घेते. तरी माझ्याच हातून जातंय."

मी म्हटलं, "तुझ्या हातात काही दोष नाही गं." हे मी खात्रीने म्हटलं, पण कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

संध्याकाळी तिघं बसलो. कार्ड बदलायचं की नाही? अर्पितकडे जुनं, वापरलेलं कार्ड आहे, पण त्याचा भरवसा नाही. नवीन घ्यावं तर तेही असंच मेलं तर? मंजुळा म्हणाली, "कशाला जीव काढतेस? सुरतेला हो म्हण, पक्की नोकरी आहे." मी तिच्यावर ओरडलो. पक्की नोकरी माझी नव्हती का? बिल्ला होता, पाळी होती, भोंगा होता. मंजुळा उठून आत गेली. मी उगाच बोललो.

नंदिनी शेवटी म्हणाली, "नवीन कार्ड घेऊ. लेकिन हे शेवटचं. हे पण गेलं तर मी समजून जाईन."

५ मे

आज जे झालं ते नीट लिहितो.

अर्पितने नवीन कार्ड बसवलं. मग जुनं खिडकीत उन्हात धरून भिंग लावलं. नंदिनीला दाखवलं, मग मला. कार्डाच्या पायांशी हिरवट बुरा, वर पांढरे ठिपके. डब्याच्या तळाशी त्याने बोट फिरवलं, बोट पांढरं झालं. आमच्या चहाच्या पातेल्याच्या तळाशी बसतं तसं.

"ये तो बोरिंग के पानी का नमक है, दीदी. ये कार्ड पानी में रहा है."

मी म्हटलं, "पण दात सोन्याचे आहेत ना?"

"सोना तो नाम का, काकाजी. ऊपर बस पॉलिश है. नीचे तांबा."

खाली तांबं. कारण सापडलं. चोवीस दिवस रजिस्टरात कारणाचा रकाना कोरा होता, आणि कारण रोज सकाळी सातला बाटली भरत होतं.

नंदिनी म्हणाली, "भिंतीला ओल येत असेल. मागे नाला आहे ना."

"तो फिर दीदी, इस कमरे में कोई भी कार्ड लगाओ, छह महीने से ज्यादा नहीं चलेगा."

ती खोलीकडे बघत राहिली. भिंती, खिडकी, फरशी. बाटली माझ्या मागेच फळीवर होती. तोंड उघडलं, आता सांगतोच. तोंडातून निघालं, "चहा घेणार का?"

६ मे

गोणपाट कचऱ्यात टाकलं. बाटली धुवून मंजुळाच्या जागेवर ठेवली. सकाळी सात ते साडेदहा खुर्चीवर बसून राहिलो.

१० मे

बारा काठ पूर्ण. एकही पट्टा नाही, रंग जसेच्या तसे. नंदिनी बेटम्याला जाऊन आली. उदयसिंहजी खूश, दिवाळीचं कामही तिलाच देतो म्हणाले. मंजुळाने खीर केली.

खीर खाता खाता नंदिनी म्हणाली, "सुरतेला हो लिहून टाकते."

मंजुळा थांबली. "अगं, आत्ता तर जमलं ना?"

"जमलं, पण किती दिवस? खोलीच ओली आहे, आई. दिवाळीचं काम घ्यायचं, अर्ध्यात कार्ड मरायचं, मग? दुसरी खोली कुठून आणू? उदयसिंहजींना एकदा दगा दिला की राजवाड्यापर्यंत बातमी जाईल." बोलताना ती भिंतीवर हात फिरवत होती, ओल शोधत. भिंत कोरडी ठणठणीत.

मी खीर खात राहिलो.

११ मे

आता लक्ष्मणची गोष्ट लिहितो, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही.

मिलमध्ये कापड बिघडलं की त्या थानाला, म्हणजे ताग्याला, चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर लाल पेन्सिलीने विणकराचा बिल्ला नंबर. थान खात्याच्या दारातल्या तारेवर पूर्ण पाळीभर टांगायचं. येणारा-जाणारा वाचणार, हसणार. चिठ्ठी बांधायचं काम जॉबरचं. किती नंबर लिहिले असतील त्याचा हिशेब नाही.

ब्याऐंशी साली लक्ष्मणच्या मागावरून पट्टे पडलेलं थान आलं. त्या सकाळी त्या मागाचं चाक मी बदललं होतं. चुकीचं चाक. थान बघताच मला कळलं. मागे साहेब उभे होते. मी खिशातून पेन्सिल काढली आणि लिहिलं, ११४७. लक्ष्मण तारेखाली उभा राहून स्वतःचा नंबर वाचत होता, ते अजून दिसतं. त्या वर्षी त्याला पक्कं करायचं होतं, ते पुढे ढकललं गेलं.

माझा नंबर ६१२. तो कधीच तारेवर गेला नाही. जॉबरचा कोण लिहिणार?

मी गप्प बसलो तर नंदिनी जाईल, आणि जन्मभर तिला वाटेल की आपली खोली, आपले हात, आपलं नशीब खराब. सांगितलं तर? तर ती मला ह्या खोलीत परत बसू देणार नाही. देऊ नये. तरीही सांगायचं.

१२ मे

आधी जुन्या कार्डावरच नंबर लिहून पाहिला, पण गुळगुळीत कार्डावर पेन्सिल उठेना. म्हणून चिठ्ठीच केली. लाल पेन्सिलीने लिहिलं, ६१२. जुन्या कार्डाला दोऱ्याने बांधली आणि दारातल्या कपड्यांच्या तारेवर टांगली, डोक्याच्या उंचीला. खाली स्टुलावर पिचकारीची बाटली ठेवली. गाठ दोनदा सुटली.

साडेदहाला नंदिनी आली. लहानपणी तिला मी तारेच्या गोष्टी फुशारकीने सांगायचो, त्यामुळे समजवायला लागलं नाही. कार्ड बघितलं, चिठ्ठी वाचली, बाटली बघितली.

"किती दिवस?"

"तेरा एप्रिलपासून. तुला वाचवायला करत होतो. साचाखात्यात..."

"पाच तारखेला अर्पित बोलला तेव्हा तुम्ही तिथेच होता ना, बाबा?"

"होतो."

"आणि चहा विचारलात." तिचा आवाज चढला. "तीन हफ्ते मी माझ्या हातांना शिव्या दिल्या! शहर सोडून चालले होते मी! आणि तुम्ही खीर खात होता!"

मी म्हटलं, "हो." ती आत जाऊन दार लावून बसली. मंजुळा दुपारी आली, तारेकडे बघून म्हणाली, "तरीच म्हटलं, कुठली तुळस." आणि स्वयंपाकाला लागली.

संध्याकाळी मी कार्ड उतरवायला गेलो. आतून आवाज आला, "राहू द्या. पूर्ण पाळी होऊ द्या."

१४ मे, रविवार

काल दिवसभर कार्ड तारेवरच होतं. आज सकाळी तार रिकामी दिसली. कार्ड तिने कंप्यूटरच्या बाजूला खिळ्यावर लावलंय, चिठ्ठीसकट. मी सभेला निघालो तर हातात लिफाफा दिला, सुरतेचा पत्ता. "पेटीत टाका. नाही लिहिलंय. तुमच्यासाठी नाही, खोली कोरडी आहे म्हणून." मग म्हणाली, "आणि सकाळी सात ते साडेदहा काठांचे प्रिंट तपासत जा. पट्टा दिसला की लाल पेन्सिल मारा. पाण्याला हात लावायचा नाही."

पत्र पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज ऐकूनच पुढे निघालो.

फाटकावर लक्ष्मण होता. "काय जॉबरसाहेब, माझा नंबर याद आहे का?"

आज मी हसलो नाही. म्हटलं, "अकराशे सत्तेचाळीस. ब्याऐंशीचं ते थान माझ्यामुळे बिघडलं होतं, लक्ष्मण. चाक मी चुकीचं लावलं होतं. नंबर माझा लिहायला हवा होता."

त्याने विडी पायाखाली विझवली.

"मला मालूम आहे यार. तू चाक लावत होतास तेव्हा मी मागेच उभा होतो."

"मग अठरा वर्षं बोलला का नाहीस?"

"दर रविवारी विचारतोय ना," तो म्हणाला. मग सरकून पायरीवर माझ्यासाठी जागा केली, आणि आम्ही सभा ऐकत बसलो.